उपाशी माशांचा पाहुणचार

चष्मेवाल्याच्या हातून एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर चुकेल, पण माशांच्या बाबतीत त्याला काडीची चूक खपायची नाही. परदेशातल्या एका ओढ्यातले निळे, पिवळ्या काठाचे मासे आपल्या घरच्या टाकीत पोहताना बघायचे, हे वेड त्याला लग्नाआधीपासूनचं. यंदा योग आला. बायकोला रजा मिळेना, म्हणून तिने आपल्या आईला सोबत धाडलं. "एकटे गेले तर मासे जगतील, हे उपाशी मरतील," असं तिचं म्हणणं.

मत्स्यखात्याचा परवाना रीतसर काढलेला होता, आठ माशांचा. गुडघाभर पाण्यात वाकून त्याने जाळीने आठ मासे धरले, तेव्हा सासूबाई काठावरून "अहो तो बघा, निसटला!" म्हणून ओरडत होत्या. मग हॉटेलच्या खोलीत टब मांडून त्याने बजावलं, "आई, आता निघेपर्यंत दोन दिवस यांना कडक उपास. पोट भरलेलं असलं की पिशवीतलं पाणी घाण होतं आणि मासे वाटेतच मरतात." सासूबाईंनी मान डोलावली.

निघायच्या आदल्या सकाळी तो पिशव्या घेऊन परतला, तर पाणी गढूळ, मासे टुम्म आणि तळाशी पावाचा चुरा.

"आई, हे काय?"

"टकामका बघत होते हो माझ्याकडे. माझ्याच्याने नाही राहवलं."

"अहो, तुमच्या मायेनेच मरतील ते!" जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज सासूबाईंवर चढला.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "सगळ्यांनी नाही खाल्लं," त्या पुटपुटल्या. "ती कोपऱ्यातली तोंडच उघडेना. रुसलीय."

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा शोधून नाकावर चढवला. मादीचा गळा फुगला होता आणि ताणलेल्या कातडीतून आत पिवळी अंडी दिसत होती. या माशांची आई पिल्लं तोंडातच वाढवते, तोवर अन्नाला शिवत नाही. रागबीग विसरून त्याने सासूबाईंना मिठीच मारली.

मग त्याचा आनंद ओसरला. परवाना आठांचा, आणि त्या तोंडात किती असतील देव जाणे.

"तिने तोंड मिटलंय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आपणही मिटू."

मोह त्यालाही झाला. पण तपासणीत मादीने अंडी ओकली तर सगळेच मासे जप्त होणार. आणि नाही पकडलं, तरी चोरून आणलेल्या माशांकडे घरी रोज कुठल्या तोंडाने बघायचं? मादीला बरणीत घेऊन तो मत्स्यखात्यात गेला. सासूबाई मागोमाग.

तिथल्या अधिकारी बाईंनी बरणी उजेडात धरली. "हिला इथेच ठेवून घेतलं तर?"

त्याने आठांचा परवाना टेबलावर ठेवला. "तो तुमचा अधिकार आहे," तो कसाबसा म्हणाला.

बाई हसल्या. "लोक मासे लपवतात. तुम्ही न जन्मलेले दाखवायला आलात. पिल्लांसकट नवा परवाना देते, पण दोन दिवस थांबावं लागेल."

चष्मेवाला खो खो हसत सुटला. नव्याने उपास घडवायला त्याला दोनच दिवस हवे होते!

"बघा, मी पाव घातला म्हणून..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"आई, पुढचं बोलू नका." ते दोन दिवस पाव त्याच्या उशाखाली होता.

सगळे मासे शिक्क्यांसकट सुखरूप घरी पोचले. पुढे एका सकाळी मादीने तोंड उघडलं आणि टाकीभर इवलाली पिल्लं पांगली. बायकोने तर टाळ्याच पिटल्या. वाळून काडी झालेली ती मादी काचेपाशी आली. सासूबाई मात्र हात मागे बांधून लांब उभ्या होत्या. त्या पावाच्या दिवसापासून त्यांनी माशांना दाणा टाकला नव्हता.

त्याने खाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला. "वाढा, आई."

"मी?"

"तिचा उपास तुम्हीच सोडवा."

सासूबाईंनी चिमूटभर दाणे सोडले. मादीने ते गपकन गिळले.

"गेला हो रुसवा!" सासूबाई डोळे पुसत ओरडल्या.