दोन समुद्रांचं छप्पर

आमच्या ओल्शिन्कात स्वीडिश फौज आली, जर्मन आले, रशियन रणगाडेही आले. पण सगळे रस्ता चुकून. इतिहासात गावाचा वाटा एवढाच. भूगोल मात्र आमच्यावर मेहेरबान होता. लुबोरच्या गुत्त्याच्या छपरावर पडलेला पाऊस एका उतारानं उत्तर समुद्राला जातो नि दुसऱ्यानं काळ्या समुद्राला, अशी पाटी त्याच्या बापानं दारावर रंगवली होती. ती वाचायला रविवारी सायकलवाले यायचे. बिअर प्यायचे आणि कुठल्या समुद्रात भर घालायची ते ठरवून मागच्या अंगणात डावीकडे किंवा उजवीकडे जायचे. त्यांच्याच जिवावर गुत्ता चालायचा. आम्ही गावकरी काय, एका ग्लासावर अख्खी संध्याकाळ काढणारे.

मे महिन्यात मोजणीवाली पोरगी आली. दुर्बीण लावून दिवसभर हिंडली आणि म्हणाली, "पाणी इथं नाही हो वेगळं होत. त्या शेळ्यांच्या गोठ्यावर होतं."

गोठा व्लास्ताचा. लुबोरचं तोंड उतरलं. "बाई, नकाशावरची रेघ जरा इकडे सरकवा की!"

"रेघ सरकवीन. टेकडी कोण सरकवणार?"

दुसऱ्याच दिवशी व्लास्तानं गोठ्याच्या दारासाठी रंगाचा डबा आणला.

ती आणि लुबोर तीस वर्षं बोलत नव्हते. दोघांचं लग्न ठरलेलं असताना, गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या वार्षिक नाचाच्या रात्री, हा तिला नाचाच्या मधोमध उभी सोडून खाटकाच्या पोरीबरोबर निघून गेला होता. खाटकाच्या पोरीनं त्याला महिन्याभरात हाकललं, ते बरंच केलं.

आता लुबोर प्लमच्या दारूची बाटली घेऊन व्लास्ताकडे निघाला. धीर यावा म्हणून मलाही ओढून नेलं.

"तीस वर्षांत साधा नमस्कार नाही," व्लास्ता दारातूनच म्हणाली, "आणि समुद्र हातचा गेला तसे पाय इकडे वळले होय रे?"

"सायकलवाले गेले तर मी संपलो गं."

"मग गुत्त्यात सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, मी चुकलो. तसं केलंस तर मी रंगाचं झाकणही उघडत नाही."

शनिवारी सगळं गाव जमलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो! लुबोर उठला. मान खाली, कान लालबुंद.

"व्लास्ता, त्या रात्री मी... मी चुकलो."

फिदीफिदी हसता हसता आम्ही ग्लास खाली ठेवले. मला त्याची खरंच कीव आली. व्लास्ता ग्लासातल्या फेसाकडे बघत बसली होती.

"अजून काही म्हणू का?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल."