कडा नसलेली गाठ

दादाच्या हातातला कप डावीकडे कलला होता. चहा हॉस्पिटलच्या चादरीवर सांडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिअल पेशींच्या काही गाठी मंद वाढतात. दादाच्या मेंदूतली ग्लिओब्लास्टोमा होती, त्यातली सर्वात वेगाने वाढणारी. एका ऑपरेशननंतरही ती परतली. पुन्हा कापायचं का, हे त्याने माझ्यावर सोडलं होतं. मी प्रयोगशाळेत त्याच्याच गाठीच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा ठेवून गाठीच्या कडा शोधत राहिले. कडा नव्हत्याच; गाठ निरोगी पेशींत मिसळून गेली होती, पूर्ण कापून निघणारी नव्हती.

“काय गं शास्त्रज्ञबाई, तोंडाला कुलूप? डोकं माझं आणि दमलीस तू?”

“ऑपरेशन केलं तर डावी बाजू पूर्ण लुळी पडेल, दादा. आणि दिवस फारसे वाढणार नाहीत.”

“मग?”

“मग नको करूया. घरी जाऊ.”