कुलदीपचा बोलका मित्र

ध्यानशिबिराहून ढोकीला परतलो तेव्हा मी साधा उत्कर्ष राहिलो नव्हतो. झाडं, ढोरं, रस्त्यावरची कुत्री, सगळ्यांशी आपलं नातं आहे असं मला आतून जाणवत होतं. आईनं ताट वाढलं, तर आधी डोळे मिटून मी ज्वारीचे आभार मानले. "भाकरी गार व्हायलीय," आई म्हणाली. मी तिला मनातल्या मनात क्षमा केली.

त्याच आठवड्यात कुलदीपसाठी मुरुमला मुलगी बघायला जायचं होतं. कुलदीप माझा लहानपणापासूनचा मित्र. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या चिखलातून लीलया काढतो, पण चार अनोळखी माणसांत बसवलं की त्याची दातखीळ बसते. अशा मुलाबरोबर आमच्याकडे एक बोलका मित्र नेतात. विषय काढायचा, हसवायचं, नवऱ्या मुलाचं कौतुक पेरत राहायचं. हे काम अर्थातच माझं. त्या मुलीचा, हर्षालीचा, फोटो त्यानं मला शिबिराआधीच दाखवला होता. "ही जमली पायजे गड्या," म्हणाला होता. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

मुरुमला बैठक बसली, पोहे आले, हर्षाली समोर येऊन बसली. तिच्या वडिलांनी, रामकिसनअण्णांनी विचारलं, "मग, काय करता पाव्हणं?"

कुलदीपनं माझ्याकडं पाहिलं. जुना उत्कर्ष इथंच सुरू झाला असता. पण मला वाटलं, काय हा शब्दांचा पसारा! माणसं खरी जोडली जातात ती शांततेत. मी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि साऱ्या बैठकीचं भलं चिंतायला लागलो.

कुलदीपनं कोपरानं ढोसलं. वेदना येते, वेदना जाते, असं शिबिरात शिकवलंच होतं. पुन्हा ढोसलं. तीही गेली.

"ह्यांची तब्येत बरी हाय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"सकाळीच घेतलीय वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. मी त्याचंही भलं चिंतलं.

शेजारून "म्या... ट्रॅक्टर..." एवढंच ऐकू आलं. मग नुसता पंखा फिरत राहिला.

परतताना मुरुमच्या बाहेर कुलदीपनं मोटारसायकल थांबवली.

"डोळं मिटून काय करत हुतास?"

"सगळ्या जीवांचं भलं चिंतत होतो."

"त्यात म्या हुतो?"

"सगळ्यांत तू आलासच की."

"सगळ्यांत नगं रं. म्या तुझ्या शेजारी हुतो."

मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो," म्हणालो. त्यानं गाडीला किक मारली.

मुरुमचा नकार आला. तो कळल्यावर मी धावत कुलदीपच्या घरी गेलो. दुसरं स्थळ परंड्याचं होतं.

"ह्यावेळी मी असा बोलतो बघ," मी म्हणालो.

"नगं. उत्तरेश्वरला सांगितलंय."

उत्तरेश्वर! तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा बडबड्या, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं! कुलदीपला काय आवडतं, काय सलतं, त्या माणसाला काय ठाऊक?

घरी येऊन मी ध्यानाला बसलो. मुंग्यांचं भलं चिंतून झालं, सापांचं झालं, मला वाया गेला म्हणणाऱ्या चुलत्यांचंसुद्धा झालं. उत्तरेश्वरचं मात्र काही केल्या होईना.