गाडी गारच राहिली पाहिजे

पहाटे पाचला नळकाका मोटरसायकलला किक मारायला लागले की सगळी गल्ली जागी व्हायची. पहिल्या दहा किकांना कुणी काही बोलत नसे. विसाव्या किकेला समोरच्या घरातून खोकल्याचा आवाज येई, आणि तिसावी झाली की कुणीतरी खिडकी उघडून विचारी, "नळकाका, आज पाणी येणार की नुसता आवाजच?"

गावाबाहेर सात किलोमीटरवर पाण्याचं पंपघर होतं आणि त्याची किल्ली एकोणीस वर्षं त्यांच्या खिशात होती. सहाच्या ठोक्याला ते पंप चालू करत, मग घरोघरचे नळ वाहू लागत. म्हणून ते नळकाका. त्या किल्लीवर त्यांचा भारी जीव. पण थंडी पडली आणि गाडी रुसली. दुपारी एका किकेत सुरू होणारी गाडी पहाटे हूं का चूं करीना. पंधरा दिवसांत चार वेळा पाण्याला उशीर झाला. शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "सोमवारी सहाला पाणी आलं नाही, तर किल्ली दुसऱ्याकडे जाईल. तुम्ही ऑफिसात बसून तक्रारी लिहून घ्या."

एकोणीस वर्षं पाणी सोडलं, आणि आता पाणी आलं नाही म्हणून लोक काय काय बोलतात ते लिहून घ्यायचं!

बरं, गाडी दुरुस्त करणारा कुणी परका नव्हता. बायकोचा धाकटा भाऊच मिस्त्री. नळकाका तीनदा त्याच्याकडे गेले. तिन्ही वेळा त्याने हात पुसत पुसत एक किक मारली आणि गाडी सुरू.

"भाऊजी, राग मानू नका," मिस्त्री म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. किकेला जरा पायात जोर लागतो, एवढंच."

"अरे, इथवर चालवत आणली म्हणून ती गरम आहे! गार असताना बघ."

"मग रात्रभर ठेवून जा."

तेही करून झालं. पण मिस्त्रीच्या गॅरेजची मागची भिंत म्हणजे पलीकडच्या बेकरीच्या भट्टीची भिंत. बाहेर दातावर दात वाजत होते तेव्हा गाडी आत उबेला निवांत झोपली होती. सकाळी पहिल्याच किकेत गुरगुरली. पहाटे घरी येऊन बघतो, असं मिस्त्रीने दोनदा कबूल केलं आणि दोन्ही वेळा आठपर्यंत घोरत पडला.

शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "तो म्हणतो गाडीला काही झालेलं नाही, तुम्ही म्हणता झालंय. मी कुणाचं खरं मानू?"

"माझं!"

"तो माझा पाठचा भाऊ आहे."

"आणि मी कोण?"

"तुम्ही नवरा आहात. म्हणून तर विचारलं, नाहीतर सरळ त्याचंच मानलं असतं." तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "हे बघा, दुखणेकरी डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत बरा होत असेल, तर त्याला दुखत असतानाच उचलून न्यावा. उद्या रविवार, पाण्याला सुट्टी आहे ना? गाडी सुरू करूच नका. ढकलत न्या. मी येते मागून हात लावायला."

रविवारी सहाला दोघं निघाली. मिस्त्रीचं गॅरेज दोन किलोमीटर लांब. नळकाकांनी हँडल धरलं, बायकोने मागची सीट. तिसऱ्याच वळणावर तालमीतून परतणारा पैलवान भेटला. खांदे दारासारखे, मन लोण्यासारखं.

"काका! बंद पडली? बसा तुम्ही, मी धक्का देतो!"

"नको रे बाबा, सुरू करायची नाहीये."

"लाजता काय माझ्यापुढे?" आणि पैलवानाने काकूंना अलगद बाजूला करून असा रेटा दिला की नळकाकांना टांग टाकून बसावंच लागलं. पुढे उतार. गाडी सुसाट.

"गिअर टाका, काका! क्लच सोडा!" पैलवान मागून पळत ओरडत होता.

"सोडणार नाही!" नळकाका पुढून ओरडत होते.

खरं सांगायचं तर त्यांचा हात शिवशिवला. क्लच सोडला असता तर गाडी सुरू झाली असती, आणि घरी जाऊन परत पांघरूण घेता आलं असतं. पण मग मिस्त्री पुन्हा हात पुसत म्हणाला असता, ठणठणीत आहे. नळकाकांनी क्लच मुठीत आवळून धरला, ब्रेक दाबत दाबत उताराच्या तळाशी गाडी थांबवली आणि इंजिनाला हात लावून पाहिला. गारच होतं. देव पावला.

पैलवान धापा टाकत आला. "काका, तुम्हाला गाडी सुरू करायची आहे की नाही?"

"सोमवारी करायची आहे," मागून येत काकू म्हणाल्या. "आज फक्त फिरायला आणलीय."

पैलवानाला काही उलगडा झाला नाही, पण गॅरेजपर्यंत गाडी त्यानेच ढकलली.

मिस्त्री तोंडात ब्रश घेऊन दारात आला. "ताई? एवढ्या सकाळी?"

"किक मार," ताई म्हणाली.

त्याने ब्रश खिशात खोचला, चोकचा खटका वर केला आणि ऐटीत किक मारली. काही नाही. दुसरी मारली. दहावीला त्याने स्वेटर काढला. पंचविसावीला त्याची बायको खिडकीत येऊन मोठ्याने मोजू लागली. चाळिसावीला तो दगडावर टेकला.

"काय रे," नळकाका हळूच म्हणाले, "पायात जोर कमी पडतोय का?"

पैलवान एवढ्या मोठ्याने हसला की बेकरीवाला बाहेर आला.

आता मात्र मिस्त्री खाली बसला. त्याने कार्बोरेटरच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढला, आत टॉर्च मारला आणि चोकचा खटका वर-खाली केला. एकदा, दोनदा. मग त्याचा चेहरा पडला.

"भाऊजी, इकडे बघा. बाहेर खटका हलतोय, पण आतली झडप जागची हलत नाही. गार इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी ही झडप मिटायला हवी. खटका ज्याने घट्ट बसतो तो नट ढिला आहे, म्हणून खटका नुसताच फिरतोय. गरम गाडीला चोक लागतच नाही, त्यामुळे इथे कधी कळलंच नाही."

"नट ढिला कुणी ठेवला?" ताईने विचारलं.

मिस्त्रीने मान खाजवली. "थंडीच्या आधी सर्व्हिसिंग केलं होतं ना..."

"कुणी केलं होतं?"

"मीच, ताई."

"मग तसं म्हण!"

त्याने नट आवळला. खटका वर केला, तशी आतली झडप टप्पकन मिटली. प्लग पेट्रोलने भिजला होता, तो काढून पुसला, परत बसवला आणि बाजूला सरून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मारा."

दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. तरीही नळकाकांनी तिला लगेच बंद केलं. "आता खरं काय ते उद्या पहाटे," ते म्हणाले.

सोमवारी पाचला त्यांनी चोक वर करून किक मारली. पहिली फुकट गेली. दुसरीला गाडी फटफटली आणि चालूच राहिली. गल्लीत एकही खिडकी उघडली नाही.

पावणेसहाला साहेब पंपघरावर आले. सोबत ज्याला किल्ली द्यायची तो माणूसही होता, मफलरमध्ये गुंडाळलेला, डोळे अर्धे मिटलेले. नळकाका केव्हाचे दार उघडून, दाबाचा काटा पुसून, हात चोळत उभे होते.

"सुरू झाली वाटतं गाडी?" साहेब म्हणाले.

"झाली, साहेब."

मफलरमधला माणूस पहिल्यांदाच खुलला. "मग मी घरी जाऊन झोपू का?"

सहा वाजले. नळकाकांनी पंपाचं बटण दाबलं. मोठा पाइप एकदा थरथरला आणि पाणी गावाकडे निघालं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. बायको होती.

"आलं हो पाणी," ती म्हणाली. "ठेवते आता, बादली भरत आलीय."