राखणदाराची फेरी

दिवाळी झाली आणि मी इब्रामपूरला दत्तारामदादाच्या घरी येऊन पडलो. पडलो हाच शब्द बरोबर आहे. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी इतकी वर्षं घासली की लग्न करायला वेळ मिळाला नाही, धड आजारी पडायलाही मिळाला नाही. मग एका सकाळी कंपनीच्या आवारात गाडी उभी केली आणि उतरलोच नाही. समोर आमची इमारत, काचांवर ऊन, माणसं आत चाललेली. आणि मला आत जायचंय की घरी, तेच कळेना. संध्याकाळी वॉचमनने काचेवर टकटक केली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, रजा घ्या.

थकवा असता तर झोपेने गेला असता. हे निराळंच होतं. शांतावहिनी माशाचं हुमण वाढायची, मी जेवायचो, चव लागायची नाही. रागसुद्धा येईना, आणि माझा राग कंपनीत प्रसिद्ध होता. मित्र फोनवरून शहाणपणा शिकवायचे. कुणी म्हणे योग कर, कुणी म्हणे कुत्रा पाळ. त्या कुत्र्याने काय पाप केलं होतं? माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळायचा: उद्या मी नसलो तर कुणाचं काय अडेल? उत्तर शोधायचा मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. सापडलं नाही.

पहाटे मात्र न चुकता जाग यायची. दादा-वहिनी उठायच्या आत मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. पायांत दादाच्या जुन्या जाड चामड्याच्या वहाणा, हातात जनावराच्या भीतीने घेतलेली काठी. नदीवरून धुकं चढायचं आणि अख्खा गाव त्यात बुडून जायचा. वर नुसते माडांचे शेंडे, तेही कुठे टेकलेले नसल्यासारखे. वाट दोन पावलांपुरतीच असायची. पाऊल टाकलं की पुढची मिळायची आणि मागची नाहीशी व्हायची. कुठल्याशा गोठ्यात गळ्यातली घंटा वाजायची, गाय दिसायची नाही. कुळागरात पोफळींखालून पाटाचं पाणी कुणाशी तरी हळू बोलत असायचं. कधी कधी वाटायचं, मी चालत नाहीच, मी उभा आहे आणि हा गावच माझ्या बाजूने सावकाश वाहत चाललाय. शिमेवरच्या, म्हणजे गावाच्या हद्दीवरच्या, मोठ्या झाडाला वळसा घालून, शेवटच्या घरावरून, गारठ्याने खोकत, मी नदीवर जायचो. तिथे दगडावर बसायचो. मग परत. उजाडताना मी अंथरुणात असायचो, आणि वहिनी शेजारणींना सांगायची की आमचे भावजी दुपारपर्यंत घोरतात.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आयकलां? राखणदार परत फिरूक लागलो."

आमच्याकडे गावाच्या शिमेवर राखणदार असतो, गाव सांभाळणारा, न दिसणारा देव. वहाणा घालून, काठी टेकत तो गावाभोवती फेरी मारतो, हे सगळे धरून चालतात. वहाणा झिजतात म्हणून त्याला दर वर्षी नव्या देतात.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"प्रभावतीकाकीन. नदीकडच्या घरातली. रोज फाटफटी, काळोख आसताना, व्हाणांची करकर येता म्हणता, काठी टेकल्याचो आवाज येता. कोणी वाटेर येवन बघू नकात, त्येका आवडना, असां सांगलान."

दादाने गंभीरपणे मान हलवली. मला हसू फुटलं. पाणी पिऊन मी ते खोकल्यात लपवलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, इतक्यात वहिनी म्हणाली, "एकटी ऱ्हवता बिचारी. आता सुखान झोप लागत आसतली तिका."

त्या उघड्या तोंडात मी भाताचा घास घातला.

दुसऱ्या पहाटे मी निघालो तो निराळाच माणूस. पाठ ताठ केली. काठी जरा दमदार टेकली. काकीच्या घरापाशी आलो तेव्हा पावलं मुद्दाम संथ टाकली, म्हणजे आत झोपलेल्या बाईला झोपेतच ऐकू जावं की कुणीतरी आहे. कंपनीत मोठमोठ्या सरकारी तपासण्या मी अंगावर घेतल्या होत्या, टाळ्या मिळवल्या होत्या. पण एका म्हातारीच्या झोपेची राखण करताना जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. दादाने शिमेच्या झाडाखाली नव्या वहाणा नेऊन ठेवल्या. माझ्या मनात आलं, मापाच्या आहेत का बघावं. नाही बघितलं, तेवढी अक्कल होती.

हळूहळू जेवणाला चव आली. वहिनीवर एकदा चिडलोसुद्धा, आणि ती खूश झाली. धुकं तसंच होतं, पण त्यात आता मी हरवत नव्हतो. मला बरं वाटत होतं. मग कंपनीचा फोन आला: सोमवारपासून याल ना? मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिली आठवण झाली ती काकीची. पावलं अचानक थांबली तर तिला काय वाटेल?

म्हणून दुपारी तिच्याकडे गेलो. ती सोप्यावर अळसांद्यांच्या शेंगा सोलत बसली होती.

"ये पुता, बस," ती म्हणाली.

मी बसलो. एक शेंग उचलून सोलली. "काकी, राखणदाराला कधी दुसऱ्या गावालाही जावं लागत असेल. थोडे दिवस आवाज आला नाही तर घाबरू नको हां."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "दत्तारामाच्या व्हाणा घालून खंय जातलो तो?"

मी पायरीपाशी काढलेल्या दादाच्या वहाणांकडे बघितलं.

"पयल्याच दिसा जनेलातसून बघितलंय तुका." तिने वाटेकडच्या खिडकीकडे मान वळवली. " राखणदार असो खोकना, पुता."

"मग गावात तसं कशाला सांगितलंस?"

"लोकांनी वाटेर अडवून इचारलां असतां, हो असो कित्याक भोंवता म्हणान. तुका चलूचां होतां. चलूक मेळूचां, इतक्याच."

"पण तुला झोप तरी लागत होती ना?" माझा आवाज मलाच लहान पोराचा वाटला.

"खंयची झोप? तू नदीर जातंस, थंय बसतंस. तू परत येयसर मी जनेलार बसून ऱ्हवतंय. तुझी पावलां परत आयली काय मगे कोपभर च्या घेतंय." तिने हातातली शेंग सोलून संपवली. "संदीप गेलो, त्या फाटफटी माका झोप लागली होती."

संदीप तिचा मुलगा, माझ्या वर्गातला. बारावीच्या वर्षी पहाटेच नदीवर गेला आणि परतला नाही. गावात त्यावर कुणी बोलत नाही. मी तर त्याला विसरूनही गेलो होतो. त्या दगडावर बसून सुरुवातीच्या दिवसांत मी काय विचार करायचो ते मी इथे लिहिणार नाही. काकीला ते न सांगता कळलं होतं.

मी रडलो. कंपनीत नाही, डॉक्टरकडे नाही, तिथे सोप्यावर सालांच्या ढिगाशेजारी रडलो. मी तिची राखण करतोय अशा मिजाशीत काठी आपटत होतो, आणि माझ्या पावलांसाठी ही बाई रोज अंधारात डोळे ताणून बसत होती. माझ्यावाचून अडणारं माणूस होतं. पहिल्या दिवसापासून होतं. काकीने मला थोपटलं वगैरे नाही. अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या, आणि आम्ही ऊन उतरेपर्यंत सोलत राहिलो.

निघताना मी म्हटलं, "उद्या मी नदीवर जाणार नाही. तू झोप."

"खरां?"

"खरां."

घरी येऊन मी कंपनीला कळवलं की सोमवारी येत नाही. कधी येईन, येईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. ठरवायची घाईही नाही.

सकाळी उजाडल्यावर, दादा-वहिनींच्या देखत, पुढच्या दाराने गेलो. काकीचं जनेल बंद होतं. मी तिच्या पायरीवर बसलो. धुकं नदीकडे परत निघालं होतं; आधी कुंपण दिसलं, मग पेरूचं झाड, मग वाट. ऊन पायरीवर आलं, माझ्या पावलांवर चढलं. आतून काही आवाज नव्हता. मी कशाचीही वाट बघत नव्हतो आणि मला तिथून उठायचंही नव्हतं.

वाटेवरून पोदेर आला, सायकलला पावांची टोपली लावून. दारात आल्यावर त्याचा हात भोंग्याकडे गेला, तसा मी घाईने हात वर केला.

तो पाय टेकून थांबला. "काकी बरी मगे?" त्याने हळूच विचारलं.

"निजली आसा," मी म्हटलं.