पहिलवानाची कबुली

बाळाला बघायला धाकट्या दिराकडे आलेल्या पहिलवानाच्या बायकोने पिशवीतून झबलं काढलं, तशी जावेने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "ठेवा ना ताई, कपाटात. घालू नंतर."

चार संध्याकाळी खपून शिवलेलं ते मऊ पिवळं झबलं कपाटात गेलं आणि कपाटाचं दार लागलं. बाळाला घे, असं बायकोला कुणी म्हटलं नाही. तिनेही मागितलं नाही. पहिलवान दारात उभा राहून सगळं बघत होता.

कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती. टायरचं दुकान होतं त्याचं. ट्रकचं चाक एकटा उचलायचा, त्यावरून गल्लीने ठेवलेलं हे नाव. अशा गड्यात काही उणं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याच्याही आलं नव्हतं. मग एकदा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की बाईंमध्ये काही दोष नाही, यांच्या वीर्यात बीजच तयार होत नाही. दवाखान्याच्या जिन्यात त्याने बायकोचा हात धरून गयावया केली, की घरी बोलू नकोस. तिने मान हलवली. त्याला किती वर्षं लोटली. सासू आणून देईल ती औषधं ती मुकाट घेत राहिली, टोमणे गिळत राहिली. पहिलवान भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. तिचा हात पाठीवर आला की घोरण्याचं सोंग करायचा. पुढे तो हात यायचाही थांबला.

आज मात्र त्या कपाटाच्या दाराने त्याचं डोकं फिरलं. सगळे जेवायला बसल्यावर त्याने ताट बाजूला सारलं.

"आई, मूल होत नाही ते माझ्यामुळे. हिच्यात काही खोट नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

घास हातातच राहिले. पाणी घेऊन आलेली बायको जागीच थबकली. पहिलवानाला वाटलं, आता आई रडेल, भाऊ मान खाली घालेल आणि कुणीतरी उठून बाळ हिच्या हातात देईल.

आईने डोळे पुसले खरे. पण म्हणाली, "किती रे भोळा तू! बायकोचं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालास."

भाऊ तर हसलाच. ट्रकचं चाक उचलणाऱ्या दादाने असल्या थापा मारू नयेत, म्हणाला. पहिलवानाने शपथा घेतल्या, आवाज चढवला. तो जितका चिडला तितका त्यांना मोठ्या मनाचा वाटत गेला. दवाखान्याचे कागद त्याने स्वतःच फाडून टाकले होते. शेवटी रडकुंडीला येऊन त्याने बायकोकडे बोट केलं. "हिला विचारा."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ही नवऱ्याला पुढे करून स्वतः सुटायला बघतेय, हे जावेच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. बायकोने एकेकाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. तिला राग आलेला नव्हता. भांडी घासून झाल्यावर आलेल्या पाहुण्याकडे बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"जेवा तुम्ही," ती म्हणाली. "गार होतंय."

"नशीब काढलंस हो," सासू तिला म्हणाली. "दुसरा असता, तर कधीच दुसरी आणून मोकळा झाला असता."

"हो, आई," ती म्हणाली आणि सगळ्यांना पाणी वाढलं.

निघताना तिने जावेकडून झबलं परत मागून घेतलं. एक टाका सैल राहिलाय, असं सांगितलं. जावेने लगेच काढून दिलं. बाहेर पहिलवानाने स्कूटर सुरू केली, ती मागे बसली. झबल्याची पिशवी तिने दोघांच्या मधे ठेवली आणि धरायला म्हणून सीटची मागची कड धरली.