मानखुर्दच्या वळणावरची पिकअप

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी माझी कीव करायला आले असेल, तर त्याने आल्या पावली परत जावे. माझा रंग उडाला आहे आणि डाव्या दाराला कडीऐवजी सुतळी आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मालकावर एकदा आळ आला होता आणि तो आम्ही आमच्याच अंगणात खोटा पाडला. ती हकिगत तुम्ही ऐका.

मला नवी कोरी घेतली ती मुलुंडच्या एका बेकरीने. आठ वर्षे मी पाव वाहिले. मग बेकरीत दुसरी गाडी आली आणि मला मागच्या भिंतीशी नेऊन लावले. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. १९६६ साली गुणाजी मला पाहायला आला. तो मालवणकडचा, गिरणीत फिटर होता. कापसाच्या धुळीने छाती भरून यायची म्हणून त्याने गिरणी सोडली होती. त्याने आधी कोंबड्या हाकलल्या, मग माझे इंजीन सुरू करून कितीतरी वेळ नुसते ऐकले. त्याच दिवशी तो मला घाटकोपरला भटवाडीत घेऊन गेला. तिथे टेकडीच्या पायथ्याशी, चाळीपुढच्या अंगणात त्याची बायको राधा वाट पाहत उभी होती.

गुणाजीला काम मिळाले ते ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातले. सोनूबाई आणि तिच्या बरोबरच्या चार बायका रोज घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायच्या. बसमध्ये त्यांच्या पाट्या कुणी घेत नसे. म्हणून त्या माझ्या हौद्यात बसू लागल्या, बोंबील, मांदेली आणि कोळंबीसकट. पावाच्या वासात वाढलेली मी नाक मुरडीन असे तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. बेकरीत मला कुणी हाक मारली नव्हती. या बायका मात्र उतरताना माझ्या फळीवर थाप मारून जायच्या.

तीन वर्षांनी माझे स्टिअरिंग ढिले झाले. गुणाजीने ते स्वतःच बघितले असते, पण त्याच आठवड्यात आई आजारी असल्याचे पत्र आले आणि त्याला गावी जावे लागले. त्याने मला एका गॅरेजात सोडले. परत आल्यावर गॅरेजचा मालक म्हणाला की नवा शाफ्ट टाकला आहे. शाफ्ट म्हणजे स्टिअरिंगचे चक्र आणि खालची पेटी यांना जोडणारा लोखंडी दांडा. तो नळीच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. गुणाजीने विश्वास ठेवला. मी सांगू शकत नव्हते.

१९७१ च्या मार्चमध्ये, सकाळी आठच्या सुमारास, आम्ही ट्रॉम्बेहून निघालो होतो. मानखुर्दच्या वळणावर गुणाजीने चक्र उजवीकडे वळवले. चक्र गरकन फिरले, पण माझी चाके सरळच राहिली. मी रस्ता सोडून मिठागराच्या बांधावर आदळले. पाट्या चिखलात गेल्या, बायका एकमेकींवर पडल्या आणि सोनूबाईचा डावा हात मोडला.

लोक जमले. त्यातला एक जण म्हणाला की कालच शिमगा झाला, ड्रायव्हरची अजून उतरली नसेल. एवढेच पुरे झाले. शिमग्याला गुणाजी दोन घोट घेतो हे सगळ्यांना माहीत होते. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट ट्रॉम्बेला पोहोचली आणि कोळीवाड्यातून निरोप आला की आमच्या बायका यापुढे तुझ्या गाडीत बसणार नाहीत. गॅरेजच्या मालकाला कुणीतरी विचारले. तो छातीठोकपणे म्हणाला की शाफ्ट नवा होता, गाडी बांधावर आदळली म्हणून तुटला, दारुड्याचा दोष लोखंडावर कशाला घालता.

एका ट्रकच्या मागे माझी पुढची चाके उचलून बांधली आणि मला भटवाडीत आणून सोडले. गुणाजी चार दिवस माझ्याकडे फिरकला नाही. त्याने थेंबभरही घेतली नव्हती, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण लोक इतके ठामपणे बोलत होते की त्याचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. पाचव्या दिवशी तो पायरीवर बसून राधाला म्हणाला, "चक्र आधी सुटला, की आपटल्यावर सुटला? माझो डोळो लागलो आसात तर? माका काय सुचना नाय."

राधाने हातातले सूप खाली ठेवले. ती म्हणाली, "मग उघड आणि बघ."

तो उठला नाही. आत काय निघेल याची त्याला भीती वाटत होती, हे मला कळत होते. शाफ्ट खरोखरच नवा निघाला असता तर दोषी तोच ठरणार होता. मग राधा स्वतः घरात गेली, पान्यांची पेटी घेऊन आली आणि माझ्या दारात बसून चक्राच्या मधला नट चुकीच्या पान्याने फिरवू लागली. तेव्हा कुठे गुणाजी उठला. "तो नाय, मोठो घे," एवढेच तो म्हणाला.

त्याने आधी बॅटरीची तार काढली. माझी चाके सरळ केली. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन चक्रावर आणि नळीवर एक एक खूण केली. नट निघाला, पण गंजलेले चक्र हलेना. राधाने ते खालून ओढून धरले आणि त्याने लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोकले. मग नळीचे पट्टे सोडवून त्याने शाफ्ट बाहेर ओढला. त्याचा वरचा अर्धाच भाग हातात आला. खालचा अर्धा पेटीजवळच्या जोडाचा बोल्ट काढून घ्यावा लागला.

तोपर्यंत शेजारचा अनंत आणि चाळीतली आणखी माणसे जमली होती. गुणाजीने दोन्ही तुकडे रॉकेलने पुसले. काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जाड कड दिसू लागली. शाफ्ट नवा नव्हताच. दोन जुने तुकडे जोडून वर रंग फासला होता. आणि जिथे तुटला होता, तिथला बहुतेक भाग गंजून तपकिरी झाला होता. फक्त कडेची बोटभर रेघ ताजी, चकचकीत होती. म्हणजे चीर फार दिवसांपूर्वी पडली होती आणि त्या सकाळी उरलेली कड सुटली. गुणाजीने तो तुकडा अनंतच्या हातात दिला आणि सांगितले की गंज एका दिवसात चढत नाही. मग तो माझ्या पायफळीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. मला त्याची लाज वाटली नाही. तुम्हालाही वाटू नये.

अनंत आणि इतर जण त्या गॅरेजवर चालून जायला निघाले होते. राधाने त्यांना थांबवले. जिचा हात मोडला तिने आधी बघायला हवे, असे तिचे म्हणणे पडले. दोघे नवरा-बायको ते तुकडे पिशवीत घालून ट्रॉम्बेला गेले. परतल्यावर राधाने तिथली हकिगत अनंतला सांगितली, तेव्हा मला कळली. सोनूबाईने त्या गंजावरून अंगठा फिरवला, मग विचारले की आता नवा कोण घालणार. गुणाजी म्हणाला, मीच. त्यावर ती म्हणाली, "मंग माझ्यासमोर घाल. मला बघायचं हाय."

गुणाजीने कुर्ल्याच्या भंगारबाजारात तीन दिवस शोध घेतला आणि माझ्याच जातीच्या मोडीत निघालेल्या गाडीचा अखंड शाफ्ट आणला. फरशीवर लोळवून तो सरळ आहे का ते पाहिले. रॉकेलने भिजवून, पुसून त्यावर खडूची पूड लावली. चीर असली तर आतले रॉकेल पुडीवर उमटते. खडू पांढराच राहिला.

रविवारी सोनूबाई आली. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर आठी. अंगणाच्या मधोमध ती खुर्ची टाकून बसली आणि प्रत्येक बोल्ट आधी आपल्या हातात मागू लागली. शाफ्ट नळीतून खाली गेला, जोडात बसला, पण शेवटचा बोल्ट आत जाईना. त्या बोल्टला शाफ्टवरच्या खाचेतून जायचे असते. खाच किंचित वर राहिली होती. अनंत म्हणाला की दोन घाव घाल, जाईल. बघणाऱ्यांनाही घाई झाली होती.

"घाव घालून गेला तर तो बसला नाय, अडकला," गुणाजी म्हणाला आणि दोन तास खपून बसवलेले सगळे पुन्हा बाहेर काढले.

दुसऱ्या वेळी शाफ्ट तळापर्यंत बसला, चुन्याच्या खुणा जुळल्या आणि बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेला. सोनूबाईने वाकून खाच पाहिली. मग फेरी मारून बघायला गुणाजीशेजारी कोण बसणार, असा प्रश्न आला. सोनूबाई उठली, चांगल्या हाताने दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल. त्याच रस्त्यानं."

मानखुर्दच्या वळणावर गुणाजीने वेग कमी केला. मी त्याच्या हाताबरोबर वळले. कोळीवाड्यात सोनूबाईने मला चावडीपुढे उभी करायला लावली आणि जमलेल्यांना सांगितले, "हा पिल्लेला नव्हता. आपण बोलून मोकले झालो. उद्यापास्नं मी ह्याच गाडीत जाणार."

त्या तुटक्या शाफ्टचे दोन्ही तुकडे गुणाजीने तारेने माझ्या बाजूच्या फळीवर बांधले. ते घेऊन मी रोज त्या गॅरेजसमोरून जायचे. मालकाने निरोप पाठवला की ते काढ, मी तुझी गाडी फुकट रंगवून देतो. गुणाजी म्हणाला, गाडी आहे तशी बरी आहे. म्हणून माझा रंग असा आहे, मित्रांनो. त्या मालकाला कुणी शिक्षा केली नाही. पण ड्रायव्हर बाजारात थांबून ते तुकडे बघायचे, आणि वर्षाच्या आत त्याचे गॅरेज रिकामे पडू लागले.

आता १९७८ साल आहे. गुणाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि माझे इंजीन थकले आहे. ट्रॉम्बेच्या बायकांना दुसरी गाडी मिळाली. तिचा ड्रायव्हर भीमराज पहिल्या दिवशी आला तेव्हा सोनूबाईने त्याला भटवाडीत गुणाजीपुढे आणले आणि आधी स्टिअरिंगची नळी उघडायला लावली. बाजारातून बघायला आलेले लोक हसले, म्हणाले, मासे विकणाऱ्या बायकांना शाफ्टमधले काय कळते. बायका हसल्या नाहीत, चढल्याही नाहीत. भीमराजला अखेर पाना हातात घ्यावा लागला.

मित्रांनो, मला हार नको, नवा रंग नको. कुणी म्हणाले की आत सगळे ठीक आहे, तर उघडून दाखव म्हणा. आणि न बघता कुणाला दारुडा म्हणू नका. एवढी माझी विनंती आहे. पण ती मी हात जोडून करणार नाही.